विश्लेषण : टाचण्यांसाठी शिवलेला हत्ती मुलांनी पळवला आणि… ‘टेडी बेअर’ घडवणाऱ्या मार्गारेट श्टाइफ कोण होत्या?

टेडी बेअर ठाऊक नाही असे घर शोधून सापडणार नाही. पण या अस्वलाच्या जन्मामागे एक हत्ती आहे आणि तो मुलांसाठी शिवलेलाच नव्हता. शिवणकाम करताना टाचण्या टोचून ठेवायला एक उशी हवी, म्हणून जर्मनीतल्या एका शिवणकाम करणाऱ्या महिलेने तो १८८० मध्ये तयार केला. टाचण्यांची उशी म्हणून तो फसला, कारण मुलांनी त्यात टाचण्या राहूच दिल्या नाहीत. त्याला घेऊन ती खेळायला लागली. या फसण्यातून जगातील एक नामवंत खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. तो उभारणाऱ्या मार्गारेट श्टाइफ दीड वर्षाच्या असल्यापासून चालू शकत नव्हत्या आणि त्यांचा उजवा हातही नीट चालत नव्हता.

मार्गारेट श्टाइफ यांचे बालपण कसे गेले?

मार्गारेट यांचा जन्म २४ जुलै १८४७ रोजी गींगेन या छोट्या गावात झाला. ब्रेन्त्स नदीकाठचे हे गाव आइन्स्टाइन यांच्या जन्मगावापासून, म्हणजे उल्मपासून फार दूर नाही. त्या वेळी आजचा जर्मनी हा एकसंध देश नव्हता. गींगेन हे व्युर्टेम्बर्गच्या राज्यात होते. वडील फ्रीडरिश श्टाइफ बांधकाम व्यावसायिक होते. चार भावंडांत मार्गारेट तिसरी. मारी आणि पाउलिने या दोघी बहिणी मोठ्या, तर भाऊ फ्रिट्झ धाकटा.

दीड वर्षाची असताना तिला जोराचा ताप आला. ताप उतरला, पण दोन्ही पाय लुळे पडले आणि उजवा हात हलवताना वेदना होऊ लागल्या. हा पोलिओ आहे हे निदान व्हायला आणखी तीन वर्षे गेली. याकोब हाइने या वैद्यांनी त्याच व्युर्टेम्बर्गमध्ये १८४० साली या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले होते. त्यामुळे आजाराला ओळख होती, उपाय मात्र नव्हता. पोलिओ विषाणूमुळे होतो हे व्हिएन्नातील शास्त्रज्ञांनी दाखवले १९०८ मध्ये, म्हणजे मार्गारेट यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. लस तर १९५५ मध्ये आली.

आईवडिलांनी हात टेकले नाहीत. नवव्या वर्षी तिला लुडविग्सबुर्ग येथील बालरुग्णालयात नेऊन शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यानंतर विल्डबाडच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर उपचार झाले. फरक पडला नाही. शाळेत जायचे तर भावंडे आणि शेजारची मुले तिला लाकडी हातगाडीत बसवून ओढत नेत. खेळायच्या वेळी मात्र ती बाजूला बसून राहत नसे. स्वतः मध्यभागी बसून इतरांना सामावून घेणारे खेळ ती काढी. गल्लीतली मुले तिच्याभोवती गोळा होत.

बरे होण्याची वाट पाहत राहिले तर मनाला स्वस्थता मिळणार नाही, हे तिने किशोरवयातच स्वतःला बजावले. पुढे लिहिलेल्या आठवणींत त्यांनी याचा उल्लेख केला आहे. प्रश्न उरला तो पोटापाण्याचा. त्या काळी लग्नाची शक्यता नसलेली, चालता न येणारी मुलगी म्हणजे आयुष्यभर घरच्यांवर भार, असेच मानले जाई. मार्गारेटला ते मान्य नव्हते.

शिवणयंत्र उलटे का ठेवावे लागले?

तिने शिवणवर्गात जायचा हट्ट धरला. उजव्या हातात जोर नसलेल्या मुलीसाठी हे शिक्षण सोपे नव्हते. सुरुवातीचे टाके वेडेवाकडे पडत, काम हळू होई. पण सरावाने हात बसला. जोडीला ती झिथर हे तंतुवाद्य शिकली आणि मुलांना त्याची शिकवणी देऊ लागली. या शिकवणीतून पैसे साठवून घरात शिवणयंत्र आले. गींगेनमधले ते पहिलेच यंत्र होते असे सांगितले जाते.

यंत्र आले तशी नवी अडचणही आली. शिवणयंत्राचे चाक उजव्या बाजूला असते आणि ते उजव्या हाताने फिरवावे लागते. पायाने चालवायचे यंत्रही मार्गारेटच्या उपयोगाचे नव्हते. तिने यंत्रच उलटे फिरवून ठेवले. आता चाक डाव्या हाताशी आले. यंत्राची मागची बाजू पुढे घेऊन ती शिवू लागली.

सुरुवातीला बहिणींच्या जोडीने गावातल्या बायकांचे कपडे शिवण्याचे काम चाले. पुढे बहिणी संसाराला लागल्या आणि सगळा भार मार्गारेटवर आला. १८७४ मध्ये वडिलांनी राहत्या घरात फेरफार करून तिच्यासाठी स्वतंत्र शिवणखोली तयार केली. मुलीचे काम हा विरंगुळा नसून व्यवसाय आहे, हे घराने मान्य केल्याची ती खूणच होती.

फेल्टचा या कहाणीशी काय संबंध?

गींगेनमध्ये फेल्टचा, म्हणजे नमद्याचा कारखाना होता आणि तो चालवणारे हेनले कुटुंब मार्गारेटच्या आईच्या माहेरचे होते. फेल्ट हे विणलेले कापड नव्हे. लोकरीचे तंतू ओलावा, उष्णता आणि दाब देऊन एकमेकांत गुंतवले की त्याचा घट्ट थर तयार होतो. त्यात उभा-आडवा धागा नसल्याने कापल्यावर कडा उसवत नाहीत. कड दुमडून शिवायची गरज राहत नाही.

नातलगांच्या सल्ल्याने मार्गारेट यांनी १८७७ मध्ये फेल्टच्या तयार कपड्यांचे दुकान काढले. फेल्टचे परकर, लहान मुलांचे कोट अशा वस्तूंना मागणी आली. एकटीने शिवून पुरेना, तेव्हा त्यांनी शिवणकाम करणाऱ्या बायका कामावर ठेवल्या. तिशीत पोहोचलेल्या मार्गारेट आता इतरांना रोजगार देत होत्या.

हत्ती कशासाठी शिवला होता?

‘मोडेनवेल्ट’ हे त्या काळातले फॅशनविषयक मासिक. त्यात कपड्यांचे नमुने आणि शिवणाचे आराखडे येत. ८ डिसेंबर १८७९ च्या अंकात मार्गारेट यांना कापडाच्या छोट्या हत्तीचा आराखडा दिसला. दुकानात फेल्टचे तुकडे उरतच होते. त्यांनी त्यातून हत्ती बेतला आणि आत मेंढीची मऊ लोकर भरली. कल्पना साधी होती. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना आणि नात्यातल्या बायकांना भेट द्यायची, त्यांच्या मेजावर तो उभा राहील आणि पाठीवर टाचण्या टोचता येतील.

भेटी दिल्या गेल्या, पण हत्ती मेजावर टिकेनात. घरातली मुले ते उचलून न्यायची, टाचण्या काढून टाकायची आणि कुशीत घेऊन झोपायची. त्या काळच्या खेळण्यांचा विचार केला की यामागचे कारण कळते. बाहुल्यांची डोकी चिनी मातीची किंवा मेणाची, घोडे लाकडाचे, सैनिक पत्र्याचे किंवा शिशाचे. पडले की फुटायचे, आपटले की लागायचे. उराशी धरून झोपता येईल असे मऊ खेळणे बाजारात क्वचितच मिळे. फेल्टचा हत्ती मात्र हातात मावे आणि पडला तरी त्याचे काही बिघडत नसे.

हाताने केलेला प्राणी हमखास वाकडा का होतो?

घरी कधी कापडाचा ससा शिवलेल्या किंवा लोकरीचे अस्वल विणलेल्या कुणालाही हा अनुभव नवा नाही. चित्रात गोंडस दिसणारा प्राणी प्रत्यक्षात तिरका होतो. एक कान वर, एक खाली. मान एका बाजूला कललेली. चार पाय असूनही उभा राहायला तयार नाही. यात दोष केवळ हाताचा नसतो. त्यामागे शिवणाचे गणित असते.

प्राण्याचे अंग गोलाकार असते आणि कापड सपाट. सपाट तुकडे जोडून गोल आकार आणायचा, तर पोटाला वेगळी पट्टी, कपाळाला वेगळा तुकडा लागतो. हे तुकडे जोडताना एका बाजूचा टाका थोडा ओढला गेला तरी सगळे अंग त्या बाजूला वळते. विणलेल्या कापडात आणखी एक अडचण असते. ते एका दिशेला जास्त ताणले जाते, दुसऱ्या दिशेला कमी. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळ्या दिशेने कापली, तर भरण भरल्यावर एक गाल फुगतो आणि दुसरा बसतो. सुयांवर विणताना धागा कधी घट्ट, कधी सैल धरला गेला, तर दोन पायांचे टाके सारखे मोजूनही पाय लहानमोठे होतात.

त्यानंतर भरण. कापूस किंवा लोकर कमी पडली तर मान लटकते, जास्त झाली तर शिवण ताणून दिसू लागते. शेवटी डोळे. हे काम मिनिटभराचे, पण चेहरा त्यावरच ठरतो. दोन्ही डोळे थोडे जवळ आले की प्राणी रागीट दिसतो, लांब गेले की भोळा. एकाच आराखड्यावरून एकाच हाताने केलेली दोन खेळणी तंतोतंत सारखी होत नाहीत, ती यामुळेच.

नवख्या हातासाठी हत्ती हा त्यातल्या त्यात सोयीचा प्राणी. पाय जाड, मान जवळपास नाहीच, अंग भरीव. त्यात फेल्ट कमी ताणते आणि उसवत नाही. तरीही सोंड अवघडच. इतक्या अरुंद नळीत लोकर सारखी भरणे हे चिकाटीचे काम. मार्गारेट यांनी पुढची कित्येक वर्षे याच बारकाव्यांवर घालवली.

भेटवस्तूचा व्यवसाय कसा झाला?

हत्ती विकता येईल हे पहिल्यांदा ओळखले भाऊ फ्रिट्झ यांनी. जवळच्या हायडेनहाइमच्या बाजारात ते हत्तींची पोती घेऊन गेले आणि माल संपवून परतले. १८८५ पर्यंत सुमारे ६०० हत्ती विकले गेले होते. पुढच्याच वर्षी हा आकडा पाच हजारांच्या पुढे गेला. हत्तीपाठोपाठ माकड, गाढव, घोडा, उंट, डुक्कर, कुत्रा, मांजर असा सगळा गोतावळा तयार होऊ लागला.

१८९० च्या सुमारास फ्रिट्झ यांनी बहिणीसाठी नवी इमारत बांधली. दुकान, कामाची जागा आणि राहण्याची जागा एकत्र आणि चाकाची खुर्ची सगळीकडे फिरेल अशी रचना. १८९२ मध्ये खेळण्यांचे पहिले सचित्र सूचिपत्र निघाले. १८९३ मध्ये फेल्टच्या खेळण्यांचा कारखाना म्हणून व्यवसायाची अधिकृत नोंदणी झाली आणि नाव लागले ते मार्गारेट श्टाइफ यांचेच. पाठोपाठ लाइपझिगच्या प्रसिद्ध व्यापारी जत्रेत गींगेनची खेळणी मांडली जाऊ लागली.

मार्गारेट यांनी लग्न केले नाही. फ्रिट्झ यांचे सहा मुलगे आत्याच्या कामात वाढले आणि एकेक करून कारखान्यात आले. मुलांच्या हातात जाणारी वस्तू उत्तमच असली पाहिजे, त्याहून कमी दर्जाची चालणार नाही, हा आत्याचा दंडक त्यांनाही पाळावा लागे. नव्या खेळण्याचा पहिला नमुना मार्गारेट स्वतः शिवून पाहत असे सांगितले जाते. कुठे टाका ओढला जातो, कुठे कापड कमी पडते, हे स्वतः शिवल्याशिवाय कळत नाही. पहिल्या नमुन्यात चूक चालेल, पण ती मुलाच्या हातात पोहोचता कामा नये, अशी ही पद्धत होती.

अस्वल सुरुवातीला कुणालाच का आवडले नाही?

पुतण्यांपैकी रिचर्ड यांनी स्टुटगार्टमध्ये कलाशिक्षण घेतले होते. तिथल्या प्राणिसंग्रहालयात बसून त्यांनी प्राण्यांची, विशेषतः अस्वलांची अनेक रेखाटने केली होती. १८९७ मध्ये ते कारखान्यात दाखल झाले. हातपाय हलवता येतील असे अस्वल त्यांना हवे होते. फेल्टऐवजी त्यांनी मोहेर प्लश निवडले. अंगोरा शेळीच्या केसांपासून होणारे हे केसाळ कापड अस्वलाच्या कातडीसारखे दिसे. १९०२ मध्ये नमुना तयार झाला. त्याचे नाव रुक्ष होते : ‘५५ पीबी’. बसल्यावर उंची ५५ सेंटिमीटर, ‘पी’ म्हणजे प्लश आणि ‘बी’ म्हणजे हातपाय हलणारे.

मार्गारेट यांना हे अस्वल फारसे पटले नाही. मोहेर महाग होते, अस्वल जड आणि मोठे होते. तरीही त्यांनी पुतण्याला अडवले नाही. मार्च १९०३ मध्ये अस्वल लाइपझिगच्या जत्रेत गेले. दिवसामागून दिवस गेले, पण गिऱ्हाईक फिरकेना. शेवटी न्यूयॉर्कच्या एका व्यापारी कंपनीच्या खरेदीदाराची नजर त्यावर पडली आणि त्याने ३,००० अस्वलांची मागणी नोंदवली.

या पहिल्या अस्वलात एक दोष होता. त्याचे हातपाय दोरीने अंगाला जोडलेले होते. मूल ते फिरवू लागले की दोरी सैल पडे आणि अस्वलाचे अवयव लोंबकळू लागत. रिचर्ड यांनी जोडणी बदलायला घेतली. १९०४ मध्ये आकार लहान केला आणि दोरीच्या जागी धातूच्या सळ्या घालून पाहिल्या. सांधा पक्का झाला, पण अस्वल कडक आणि जड झाले. १९०५ च्या सुमारास पुठ्ठ्याच्या चकत्या आणि मधोमध पिन अशी जोडणी आली. अवयव फिरतात, पण सैल पडत नाहीत. अस्वल हलके आणि गुबगुबीत झाले. सांधेदार टेडी बेअर आजही मुख्यतः याच तत्त्वावर बनतात. ज्या ‘५५ पीबी’पासून हे सुरू झाले, त्याचा मात्र एकही मूळ नमुना आज उपलब्ध नाही.

‘टेडी’ हे नाव कुठून आले?

नावाचा उगम अमेरिकेतला. नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात शिकारीला गेले होते. त्यांना शिकार मिळेना, म्हणून सोबतच्या माणसांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणे त्यांनी नाकारले. अस्वल जखमी असल्याने त्याच्या यातना संपवाव्यात असे मात्र त्यांनी इतरांना सांगितले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये क्लिफर्ड बेरीमन यांनी या प्रसंगावर व्यंगचित्र काढले आणि ते गाजले. रूझवेल्ट यांना लोक ‘टेडी’ म्हणत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले दुकानदार मॉरिस मिचटम आणि त्यांच्या पत्नी रोझ यांनी कापडाचे अस्वल शिवून याच नावाने दुकानात मांडले.

म्हणजे गींगेन आणि ब्रुकलिन अशा दोन ठिकाणी साधारण एकाच वेळी कापडी अस्वल जन्माला आले. एकाने दुसऱ्याची नक्कल केल्याचा पुरावा नाही. अमेरिकेत ‘टेडी’ची लाट आली आणि तिला पुरेल इतका माल करण्याची ताकद गींगेनच्या कारखान्यात होती. १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनात श्टाइफची सुमारे १२,००० अस्वले विकली गेली. १९०७ मध्ये तर वर्षभरात सुमारे ९,७४,००० अस्वले तयार झाली. दिवसाला सरासरी अडीच हजारांहून जास्त!

इतक्या संख्येत दर्जा कसा राखला?

यंत्रे होती, तरी काम मुख्यतः हातांचे होते. १९०७ मध्ये कारखान्यात सुमारे ४०० जण काम करत आणि जवळपास १,८०० जण घरी बसून शिवणकाम करत. त्यांत बहुसंख्य बायका होत्या. शिवणाला सर्वांत गरज असते ती उजेडाची. त्यासाठी १९०३ मध्ये गींगेनमध्ये लोखंडी सांगाडा आणि दुहेरी काचेच्या भिंती असलेली इमारत उभारली गेली. काचेआड बसलेल्या तरुण कामगार मुलींमुळे गावकऱ्यांनी गमतीने तिला ‘कुमारिकांचे मत्स्यालय’ असे नाव दिले. इमारतीत उतार होते, त्यामुळे मार्गारेट यांची चाकाची खुर्ची सगळीकडे जाऊ शके. इमारतींत उतार असावेत यासाठी कायदे होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

चेहऱ्याचे काम अनुभवी हातांकडे असे. अस्वलाच्या आत लाकडाचा तलम कीस भरला जाई. नाक आणि तोंड धाग्याने हाताने भरले जाई. त्यामुळे एकाच तुकडीतल्या दोन अस्वलांच्या चेहऱ्यांवरही वेगळे भाव येत.

काटकसरीतून आलेली एक खोड संग्राहकांना चांगली ठाऊक आहे. मोहेर महाग असल्याने कापड वाया घालवायचे नसे. एका पट्ट्यात सहा डोक्यांचे अखंड तुकडे बसत. सातव्यासाठी कापड पुरत नसे, म्हणून दोन तुकडे जोडून डोके केले जाई आणि कपाळापासून नाकापर्यंत मधोमध शिवण दिसे. त्या काळी ती निव्वळ तडजोड होती. आज लिलावात अशा मधल्या शिवणीच्या जुन्या अस्वलांना जास्त भाव मिळतो.

शेवटची वर्षे आणि कानातले बटण

यशासोबत नकलाही आल्या. अस्सल माल ओळखता यावा म्हणून पुतणे फ्रान्झ यांनी १९०४ मध्ये प्रत्येक खेळण्याच्या कानात धातूचे छोटे बटण बसवण्याची कल्पना मांडली. ‘कानातले बटण’ ही श्टाइफची ओळख तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे. १९०६ मध्ये व्यवसायाचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले आणि कारभार रीतसर पुतण्यांकडे जाण्याची सोय झाली. तीन वर्षांनी, ९ मे १९०९ रोजी न्यूमोनियाने मार्गारेट यांचे निधन झाले. त्या ६१ वर्षांच्या होत्या.

घरच्यांवर भार ठरेल असे जिच्याविषयी गृहीत धरले गेले होते, तिच्या कारखान्यावर अखेरीस दोन हजारांहून अधिक कुटुंबांची कमाई अवलंबून होती. कंपनी आजही गींगेनमध्येच आहे आणि तिथे तिचे संग्रहालयही आहे. जगभरात ती ओळखली जाते अस्वलासाठी. पण १९०४ मध्ये अस्वलांच्या कानात जे पहिले बटण बसले, त्यावर अस्वल नव्हते. त्यावर कोरला होता हत्ती, टाचण्यांसाठी शिवलेला आणि मुलांनी पळवलेला.